गंजाची शंका असलेली जुनी बीटल घ्यावी की सोडून द्यावी?

सावकाश

सर्वांना नमस्कार. गेली काही वर्षे मी जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या शोधात आहे आणि आता एक गाडी समोर आली आहे. कागदपत्रांवर 1967 साल नोंदलेले आहे. इंजिन पहिल्याच फटक्यात चालू होते, गिअर कुरकुर न करता पडतात, आणि रंग अलीकडेच दिलेला असल्यामुळे चार पावलांवरून गाडी नवी वाटते. माझी शंका गंजाबद्दल आहे. पुढच्या बोनेटखाली सुटे चाक ठेवण्याचा जो खळगा असतो त्यात तपकिरी पापुद्रे सुटले आहेत, उजव्या दाराखाली रंगाला दोन-तीन फोड आले आहेत, आणि गाडीच्या पोटाला या टोकापासून त्या टोकापर्यंत काळे डांबरी अस्तर नुकतेच फासलेले आहे. विक्रेत्याचे म्हणणे असे की हा वरवरचा गंज आहे आणि पन्नाशी उलटलेल्या गाडीला एवढा असायचाच. माणूस लबाड वाटला नाही, पण रविवारपर्यंत निर्णय हवा, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, असे तो सांगतो.

इंजिनाची बारीकसारीक कामे मी स्वतः करतो. वेल्डिंग मला येत नाही. अशा स्थितीत ही गाडी घ्यावी का, आणि होय म्हणण्यापूर्वी नेमके काय पाहावे?

निवांत

ते दुसरे गिऱ्हाईक प्रत्येक जुन्या गाडीबरोबर मोफत मिळते. त्याची धास्ती घेऊ नका.

पत्राकार

मी पोटापाण्यासाठी वेगळेच काम करतो, पण सुट्टीचे दिवस जुन्या गाड्यांचे पत्रे कापण्यात आणि जोडण्यात गेले आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

गाडीला गंज आहे का, हा प्रश्न मनातून काढून टाका, कारण तो आहेच. तो कुठे आहे, एवढेच शोधायचे आहे. बीटलचे मडगार्ड बोल्टने बसवलेले असतात. ते चाळणीसारखे झाले तरी सोडून दुसरे लावता येतात. बोनेट आणि दारे यांचेही तसेच. या गाडीचा खरा सांगाडा खाली आहे. मधून एक पोकळ कणा जातो, त्याच्या दोन्ही बाजूंना फ्लोअरचे पत्रे वेल्ड केलेले असतात, आणि वरची बॉडी या तळाला कडेने बोल्टने आवळलेली असते. बॉडीच्या दोन्ही कडांना, दारांच्या उंबऱ्याखाली, एक लांब पोकळ पेटी असते. तिला हीटर चॅनेल म्हणतात. इंजिन हवेने थंड होणारे आणि मागच्या बाजूला असल्यामुळे तिथली गरम हवा याच पेटीतून पुढे आणली जाते. म्हणजे जो भाग बॉडीला ताठ ठेवतो, तोच भाग हवा आणि तिच्याबरोबरची ओल आयुष्यभर वाहून नेतो. आपण सांगितलेले फोड याच पेटीवर आहेत आणि ते आतून बाहेर आलेले असण्याची शक्यता जास्त आहे. पत्रा बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरपेक्षा जाड नसतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतला बराच पत्रा सडून गेलेला असतो.

पुढे कण्याच्या टोकाला जो भाग पुढचा अ‍ॅक्सल धरून ठेवतो, तो अवश्य पाहा. तिथला पत्रा मऊ लागला तर माघारी या.

नव्या डांबरी अस्तराबद्दल एवढेच म्हणेन की झाकली मूठ सव्वा लाखाची. विकायला काढलेल्या गाडीच्या पोटाला रंगरंगोटी करण्याची हौस सहसा कोणाला नसते.

जुनेखोड

पत्राकार यांचे ज्ञान मान्य आहे, पण त्यांचा सूर ऐकून कोणीही जुनी गाडी घेणार नाही. माझ्या बीटलच्या मागच्या आसनाखालच्या पत्र्याला अकरा वर्षांपूर्वी मूठभर भोक होते. त्याच अवस्थेत मी ती घेतली, तेवढाच तुकडा कापून नवा बसवला आणि आजही ती चालवतो. निर्दोष गाडीची वाट पाहणाऱ्यांची वाट पाहण्यातच उमर जाते. इंजिन उत्तम आहे, गिअर उत्तम आहेत. निम्मी लढाई तिथेच जिंकली.

पत्राकार

आपल्याच उदाहरणावरून बोलतो. बीटलची बॅटरी मागच्या आसनाखाली असते, तिचे आम्ल सांडून खालचा पत्रा खाल्ला जातो, आणि हा रोग बहुतेक त्या पत्र्यापुरताच राहतो. आपले भोक मोठे होते, पण जागा सोयीची होती. हीटर चॅनेलचे भोक करंगळीएवढे असले तरी दुरुस्तीला बॉडी उचलावी लागू शकते. हे दोन गंज एका मापाने मोजता येत नाहीत.

आणि निम्मी लढाई इंजिनाने जिंकली, हे तर मला अजिबात पटत नाही. या गाडीचे इंजिन मुख्यतः चार बोल्टांवर गिअरबॉक्सला लटकलेले असते. दोन सवयीची माणसे ते सकाळी उतरवून संध्याकाळी दुसरे चढवू शकतात. बॉडीच्या बाबतीत असे काही शक्य नाही. मला निवड करायची झाली तर बंद पडलेल्या इंजिनाची पण कोरड्या पत्र्याची गाडी मी डोळे झाकून घेईन.

चिमटा

डोळे झाकून घेतल्यामुळेच तर त्यांच्या अंगणात दोन गाड्या विटांवर उभ्या आहेत, असे त्यांनीच दुसऱ्या एका धाग्यावर लिहिले होते.

पत्राकार

त्या दोन्हींचे पत्रे कोरडे आहेत, हे नमूद करतो.

क्षारधर्मी

‘वरवरचा गंज’ या शब्दाबद्दल थोडे लिहावेसे वाटते, कारण विक्रेते तो फार सैलपणे वापरतात.

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज सुरू होतो. त्यात मीठ मिसळले की पाण्याची विद्युतवाहकता वाढते आणि क्रियेला वेग येतो. अ‍ॅल्युमिनियमवर जो ऑक्साइडचा थर बसतो तो घट्ट असतो आणि खालच्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो. तो ओल धरून ठेवतो आणि खालचा ताजा धातू क्रियेला उघडा ठेवतो. शिवाय मूळ लोखंडापेक्षा गंजाचे आकारमान कितीतरी जास्त असते. म्हणूनच जिथे दोन पत्रे एकमेकांवर स्पॉट वेल्डने जोडलेले असतात, तिथे मधल्या फटीत धरलेला गंज त्या पत्र्यांना पाचर ठोकल्याप्रमाणे अलग करतो. जोडाची कड सरळ न राहता लाटेसारखी फुगलेली दिसली, तर आत काय चालले आहे ते कळते.

आणखी एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. पाण्याच्या थेंबाखाली जिथे ऑक्सिजन कमी पोहोचतो तिथेच धातू झिजतो. जिथे ऑक्सिजन भरपूर असतो ती थेंबाची कड तुलनेने वाचते. चिखलाखाली, ओल्या कार्पेटखाली, तडकलेल्या डांबरी अस्तराखाली पत्रा उघड्या जागेपेक्षा लवकर का सडतो, याचे एक कारण हे आहे. उघड्यावर पडलेल्या कोऱ्या पत्र्यावर सर्वत्र सारखा तांबूस रंग चढलेला असेल आणि घासल्यावर खाली चकचकीत धातू लागत असेल, तरच मी त्याला वरवरचा गंज म्हणेन. पापुद्रे सुटत असतील तर तो शब्द लागू होत नाही, आणि सावकाश यांच्या खळग्यात पापुद्रे सुटत आहेत.

आडवाट

बाजारात गंज बदलून टाकणारे जे द्रव मिळतात त्यांचे काय? एक बाटली ओतली आणि काम झाले, असे त्यावर लिहिलेले असते.

क्षारधर्मी

त्यांत बहुधा फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्ल असते. पहिले गंजाचे लोह फॉस्फेट करते, दुसरे काळे लोह टॅनेट. दोन्ही उपयोगी आहेत, पण द्रव जिथवर पोहोचतो तिथवरच. जाड पापुद्र्यावर तो ओतल्यास वरचा थर काळा होतो आणि तळाशी गंज आपला उद्योग चालू ठेवतो. आधी घासून पापुद्रे काढायचे, मग द्रव लावायचा, मग प्रायमर. शिवाय गेलेला पत्रा कोणतीही बाटली परत आणत नाही.

रॅम्पखालून

मी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे सावकाश यांची टळेल. माझी पहिली जुनी गाडी बीटल नव्हती, पण गोष्ट दाराखालच्या पेटीचीच आहे. मी चुंबक घेऊन गेले होते. तो उंबऱ्यावर नीट चिकटला, म्हणून मी निर्धास्त झाले. सहा महिन्यांनी टायर बदलायला जॅक लावला तेव्हा गाडी वर गेली नाही, जॅकच आत गेला. पेटीच्या आत फुगवणारा फोम आणि वर्तमानपत्राचे बोळे ठासलेले होते, त्यावर पातळ पत्र्याचे ठिगळ चार टाक्यांवर टेकवलेले होते, आणि वर पुट्टी मारून रंग दिला होता. चुंबक त्या ठिगळाला चिकटला होता. वर्तमानपत्रावरची तारीख स्पष्ट वाचता येत होती. ती विक्रेत्याने सांगितलेल्या ‘जुन्या किरकोळ कामा’च्या बरीच अलीकडची होती.

म्हणून चुंबक जवळ असू द्या, पण त्याच्या शब्दावर विसंबू नका. बोटाच्या पेराने ठोकत जा. धड पत्रा खणखणीत बोलतो, पुट्टी भरलेली जागा भद्द आवाज करते. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र कोणाकडून मिळाले तर अवश्य न्या. कारखान्यातून आलेला रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनच्या आसपास असतो, पुन्हा रंगवलेल्या गाडीवर त्याच्या दुपटीतिपटीने भरतो, आणि आकडा हजाराच्या पुढे गेला तर आपण पुट्टीची जाडी मोजत आहोत असे समजावे.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे गाडी लिफ्टवर घेऊन पाहा. जमिनीवर उताणे पडून विजेरीच्या उजेडात जे दिसते ते पाहणे नव्हे.

निवांत

जॅक आत गेल्याचे वाचून हसलो, याबद्दल क्षमस्व.

रॅम्पखालून

आता मीही हसते. तेव्हा नव्हते हसले.

सावकाश

सर्वांचे आभार. इतक्या तपशिलाची अपेक्षा नव्हती. दोन शंका आहेत. पेचकसाने पत्रा टोचून पाहावा असे काही जण म्हणतात, पण गाडी दुसऱ्याची असताना हे हात दाखवून अवलक्षण ठरणार नाही का? दुसरी शंका अशी की मागच्या आसनाखाली कण्यावर कोरलेला चेसिस क्रमांक मी पाहिला. तो 118 ने सुरू होतो. मी वाचले होते की तिसरा अंक वर्षाचा असतो. मग कागदावर 1967 कसे?

जुनेखोड

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे आणि त्यात काळेबेरे नाही. 1965 च्या मॉडेलपासून क्रमांकाची ही पद्धत आली. पहिले दोन अंक गाडीच्या प्रकाराचे, तिसरा मॉडेल-वर्षाचा. पण कारखान्याचे मॉडेल-वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होत असे. 1967 च्या ऑगस्टनंतर बाहेर पडलेली गाडी 1968 चे मॉडेल ठरते, म्हणून 118. आपली गाडी त्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत बनली असावी. क्रमांक कागदांशी अंकन् अंक जुळतो का, तेवढे मात्र पाहा. एका गाडीचा तळ आणि दुसरीची बॉडी असे संसार बीटलमध्ये सहज थाटता येतात, कारण त्या दोघांना बोल्टच तर बांधून ठेवतात.

पत्राकार

पेचकसाबद्दल सांगतो. आधी विचारा. “पोटाखालचे अस्तर दोन ठिकाणी खरवडून पाहू का, घेतली नाही तर पुन्हा लावून देईन,” असे सरळ म्हणा. परवानगी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली, तर ते काही अंतिम उत्तर नव्हे, कारण कोणालाही आपली गाडी टोचलेली आवडत नाही. पण लिफ्टवर घेण्यालाही नकार आला तर विषय संपला.

न टोचता करण्याजोगी एक परीक्षा आहे. दोन्ही दारे हळूच उघडा आणि मिटा. दार उघडताच खाली झुकते का, लावताना उचलून लावावे लागते का, ते पाहा. मग दाराची मागची फट वर आणि खाली सारखी आहे का ते बघा. त्यानंतर त्या बाजूला जॅक लावून चाक उचला आणि दार पुन्हा उघडून मिटा. हीटर चॅनेलमध्ये जीव नसेल तर बॉडी मध्ये वाकते, फट बदलते आणि दार अडकते. बिजागरीही झिजलेली असू शकते, म्हणून दार हाताने वर-खाली हलवून तो दोष आधी बाजूला काढा.

आत बसून रबरी मॅट आणि कार्पेट उचला. ओल हाताला लागली तर ती कुठून येते ते शोधा. काचेभोवतीचे रबर कडक झालेले असते आणि तिथून उतरलेले पाणी फ्लोअरवर साचते. या सगळ्याला अर्धा तास पुरतो. इंजिनाच्या आवाजावर भाळायला उरलेला दिवस आहेच.

आडवाट

थोडे विषयांतर करतो. गंजाची एवढी भीती असेल तर सरळ अ‍ॅल्युमिनियमची बॉडी असलेली जुनी लँड रोव्हर का घेऊ नये?

क्षारधर्मी

कारण तिची कातडी अ‍ॅल्युमिनियमची असली तरी चेसिस पोलादी आहे, आणि या दोन धातूंच्या सांध्यात ओल शिरली की अ‍ॅल्युमिनियम स्वतःच पांढरी भुकटी होऊन झडू लागते. आगीतून फुफाट्यात. गंजाला खरा अटकाव जस्ताने केला, कारण जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजते. पोर्शने 1976 च्या मॉडेलपासून 911 ची बॉडी जस्तलेपित पत्र्याची केली. आपण ज्या काळच्या बीटलबद्दल बोलतो आहोत तिच्या वाट्याला तो थर आला नाही.

सावकाश

आज गाडी पुन्हा पाहून आलो. विक्रेत्याने लिफ्टवर घ्यायला हरकत घेतली नाही, याचे श्रेय त्याला द्यायला हवे. तोही खालून पहिल्यांदाच पाहत होता, असे त्याच्या चेहऱ्यावरून वाटले.

कण्याचे पुढचे टोक घट्ट आहे. डाव्या फ्लोअरचा पत्रा बरा आहे. उजव्याचा मागचा कोपरा, म्हणजे बॅटरीखालचा, पुठ्ठ्यासारखा झाला आहे. डावे हीटर चॅनेल ठोकल्यावर खणखणीत वाजले. उजवे वाजलेच नाही. विक्रेत्याच्या परवानगीने अस्तर खरवडले, तर खाली ठिगळावर ठिगळ लागले आणि दुसऱ्या ठिगळाच्या कडेने पेचकस मुठीपर्यंत आत गेला. जॅकवर उचलल्यावर उजव्या दाराची फट वरच्या बाजूला मिटली आणि दार अडकले. विक्रेता गप्प झाला आणि मग त्याने होऊन किंमत बरीच खाली आणली. आता खरी पंचाईत आहे. या किमतीत सोडवत नाही.

जुनेखोड

मी पहिल्यापासून घ्या म्हणत होतो, तरीही विचारतो: चॅनेलचे काम करून देणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे का? आहे आणि तो वेळ देईल असे नक्की असेल, तर एक बाजू म्हणजे काही आकाश कोसळले नाही. नसेल तर खाली आलेली किंमत हा सापळा आहे. गाडी स्वस्त मिळेल आणि काम सुरू होण्याची वाट पाहत उभी राहील.

पत्राकार

जुनेखोड यांच्याशी या वेळी पूर्ण सहमत आहे आणि तारीख लिहून ठेवतो. कामाचा अंदाज देतो, मग आपणच ठरवा. चॅनेल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून ती जखडावी लागते, नाहीतर बॉडी वाकते आणि दार पुन्हा कधीच बसत नाही. नवे चॅनेल तळाच्या बोल्टांच्या भोकांवर बसवून पाहायचे, दार लावून फट तपासायची, आणि मगच टाके मारायचे. पुढच्या खांबाच्या बुडाशीही गंज गेलेला निघेल, तो निघतोच. बॅटरी सोडवणे आणि पुढची पेट्रोलची टाकी उतरवणे हे वेल्डिंगच्या आधीचे काम आहे. हे सर्व मला येते, तरी माझी कित्येक शनिवार-रविवारची सुट्टी त्यात जाते. ज्याला वेल्डिंग येत नाही त्याच्यासाठी हे नाकापेक्षा मोती जड आहे.

रॅम्पखालून

एक व्यवहाराचा प्रश्न विचारते. आपल्याला गाडी चालवायची आहे की उभी करायची आहे? दुसऱ्या अर्थाने घेऊ नका. काही लोकांना खरोखरच उभारणीत आनंद असतो आणि गाडी पूर्ण झाल्यावर ते उदास होतात. आपण पहिल्या प्रतिसादात इंजिन आणि गिअर यांबद्दल ज्या आवडीने लिहिले आहे, त्यावरून आपण चालवणाऱ्यांपैकी वाटता.

सावकाश

चालवणाऱ्यांपैकी आहे. इतके सरळ मी स्वतःला विचारले नव्हते. रविवारी फोन करून नाही म्हणालो. दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्या म्हटले, तर विक्रेता हसला.

निवांत

म्हटले नव्हते का?

सावकाश

आठ महिन्यांनी धागा वर काढतो आहे, क्षमस्व.

मागच्या आठवड्यात एक बीटल घरी आणली. साल 1971, रंग उडालेला, एक मडगार्ड निळे आणि बाकी गाडी पांढरी, इंजिन बंद. मागच्या मालकाने ती कोरड्या बंदिस्त जागेत ठेवली होती आणि पोटाला कधीच काही फासले नव्हते, त्यामुळे सगळे उघड दिसत होते. दोन्ही चॅनेल वाजतात. जॅकवर दारे मिटतात. बॅटरीखाली तळहाताएवढी जागा खराब आहे, ती एका वेल्डरने पाहिली आणि होकार दिला. इंजिन उतरवले आहे. पत्राकार यांनी म्हटल्याप्रमाणे चार बोल्ट, पण त्यांतला वरचा एक हाताला सापडेपर्यंत अख्खी दुपार गेली. घरातील मंडळींचे म्हणणे आहे की आधीची गाडी दिसायला चांगली होती.

आता एक प्रश्न. चॅनेलच्या आत पातळ मेण फवारून घेण्याचा सल्ला मिळाला आहे. ते लगेच करावे की वेल्डिंगनंतर?

पत्राकार

अभिनंदन. मेण वेल्डिंगनंतरच, कारण ते पेट घेते आणि टाक्यात धूर कोंडतो. मात्र चॅनेलमधून गरम हवा आत येते हे विसरू नका. हीटर वापरणार असाल तर उष्णतेला टिकणारे मेण निवडा आणि पहिले काही दिवस वास सहन करा. फवारण्यापूर्वी दारांच्या बुडाची आणि बाकीच्या पोकळ भागांची पाणी निचरण्याची छिद्रे तारेने मोकळी करून घ्या, आणि फवारून झाल्यावर पुन्हा एकदा, कारण मेण तिथेच येऊन थिजते.

ती आधीची गाडी अजून विकायची आहे का? डावे चॅनेल खणखणीत आहे असे आपण लिहिले होते.

चिमटा

विटा पुरतील ना?